नवख्यांसाठी बोसा नोव्हा

१५ सप्टेंबर २०२४, नायगाव

आजपासून रोजनिशी. रोज जमेलच असं नाही, पण एक नवीन काम अंगावर घेतलंय, त्याची नोंद राहावी. सोसायटीने क्लब हाऊस महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी द्यायचं कबूल केलं. सूचनाफलकावर मीच कागद चिकटवला: 'नवख्यांसाठी बोसा नोव्हा. ब्राझीलच्या संगीताची मराठीतून ओळख. सर्वांना प्रवेश.' लिफ्टमध्ये एकाने विचारलं, "हे काय, योगासारखं आहे का?"

कारण आधी लिहून टाकतो. जूनमध्ये आमचं बाळ गेलं. नववा महिना लागला होता. जन्मलं तेव्हाच त्यात जीव नव्हता. मुलगी होती. याहून जास्त इथे लिहिणार नाही.

उन्नतीला, माझ्या बायकोला, हॉस्पिटलातून घरी आणताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, त्यांना शांतता द्या. ती मी दिली. टीव्ही बंद केला. नातेवाइकांचे फोन मीच घेऊ लागलो. भेटायला येणाऱ्यांना दारातच सांगायचो, तो विषय नको. पण घर अगदी गप्प झालं की मला सोसेना. त्या दिवशी ऑपरेशन थिएटरबाहेर उभा होतो, आणि जो आवाज यायला हवा तो येत नव्हता. तशीच ही शांतता. म्हणून अगदी हलकं काहीतरी लावू, असं शोधताना हे संगीत सापडलं. एक गिटार, एक आवाज, तोही भिंतीपलीकडे जाणार नाही असा. भाषा कळत नाही हेही बरंच. शब्द बोचत नाहीत.

तीन महिन्यांत इतकं ऐकलंय की आता दुसऱ्यांना सांगावंसं वाटतं. उन्नतीलाही त्यात गुंतवता येईल. खाली गणपतीचे स्पीकर चालू आहेत. खिडक्या लावून घेतल्या. ती म्हणाली, "राहू दे ना उघड्या." पण तिला त्रास झाला असता.

२२ सप्टेंबर

आज दोघं भुईगावला गेलो. पास्कलसरांचा नंबर ऑफिसमधल्या युजीनने दिला होता. सर पासष्टीचे आहेत. बारा वर्षं कुवेतच्या एका हॉटेलात वाजवत होते, आता चर्चमध्ये गायकवृंदाबरोबर गिटार वाजवतात. "लॉबीत वाजवायचो," ते म्हणाले. "लोक जेवतायत, बिलं देतायत. बोसा नोव्हा तिथे फार चालायचं, कारण कोणी ऐकत नव्हतं." हसले.

ओट्यावर बसून त्यांनी मला उजवा हात दाखवला. अंगठा जाड तारांवर, एकसारखा, माणूस निवांत चालावा तसा. बाकीची बोटं बारीक तारा एकदम उचलतात, पण अंगठ्याच्या ठोक्याला धरून नाही. कधी किंचित आधी, कधी किंचित नंतर. "मूळ सांबाच आहे, तिथल्या मिरवणुकांचा ताल," ते म्हणाले. "रस्त्यावरचा ढोल घरात आणला, एवढंच."

मग त्यांनी पोर्तुगीजमधला एक शब्द सांगितला, सौदाद. जे आता जवळ नाही त्याची ओढ, आणि ती ओढ सोडवतही नाही, असं काहीसं. ही सगळी गाणी त्याचीच.

उन्नतीने विचारलं, "जे आपल्याजवळ कधी नव्हतंच, त्याची पण होते का सर?"

उत्तम प्रश्न. भाषणासाठी मी तो लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतला. सरांनी रिटा आंटींकडे पाहिलं. त्या सरांच्या पत्नी. आंटी त्यांच्या बोलीत सरांना काहीतरी म्हणाल्या आणि उन्नतीला वाडीत घेऊन गेल्या, सोनचाफा दाखवायला. बराच वेळ आल्या नाहीत. परतली तेव्हा उन्नतीचे डोळे लाल होते. मागे पाला जाळत होते, त्याचा धूर गेला असणार.

रिक्षात मात्र ती बऱ्याच दिवसांनी स्वतःहून बोलली. "पुढच्या रविवारी परत येऊ या का?"

संगीत काम करतंय.

६ ऑक्टोबर

पहिली बैठक पार पडली. चौदा-पंधरा माणसं आली, त्यातली निम्मी पंखा चालू आहे म्हणून बसली असावीत. मी सांगितलं: पन्नासच्या दशकाचा शेवट, रिओ शहर, समुद्रकाठच्या इमारती. आपल्यासारखीच फ्लॅटमध्ये राहणारी तरुण मुलं. 'बोसा नोव्हा' म्हणजे नवी ढब. आवाज फेकायचा नाही, कंप द्यायचा नाही, ताना नाहीत. गाणारा तालाच्या जरा मागे रेंगाळतो, जणू त्याला घरी जायची घाई नाही. मग सरांनी वाजवलं आणि पुटपुटल्यासारखं गायले.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीकाकू पुढेच बसल्या होत्या. शाळेत संगीत शिकवायच्या. त्या म्हणाल्या, "अरे हर्ष, हा गाणारा झोपेत आहे की काय?" सगळे हसले. मग त्याच म्हणाल्या, "पण मधेच एक सूर मात्र रडवेला लागला बघ. गाणं दुःखाचं आहे का? चाल तर हसरी आहे."

मी या प्रश्नाची वाटच पाहत होतो. म्हणालो, "हेच तर यातलं शिकण्यासारखं आहे, काकू. दुःख असतं, पण ते बोलून दाखवायचं नाही. आत ठेवायचं आणि वरून हलकं राहायचं."

टाळ्या पडल्या. उन्नती मागच्या रांगेतून उठून गेली. दमली असेल, अजून ताकद आलेली नाही. घरी आलो तर दिवा न लावता बसली होती. मी बैठकीबद्दल सांगत राहिलो. "छान झालं," ती म्हणाली.

१७ ऑक्टोबर

आज एक प्रसंग आला. मी स्पीकर पुसत होतो. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "हर्ष, तिला केस होते का रे?"

मला क्षणभर कळलंच नाही कोणाबद्दल, आणि मग कळलं. उन्नतीला तेव्हा भूल दिलेली होती. शुद्धीवर आल्यावर तिने बाळ मागितलं, तेव्हा माझ्या आणि तिच्या आईने नको म्हणून सांगितलं. बघितलं की माया लागते म्हणे. तिचा भाऊ जितेश पुण्याहून निघाला होता, तो पोहोचेपर्यंत थांबायचं नाही म्हणाले. म्हणून बाळाला पुरायला मी एकटाच गेलो. पाहिलं ते फक्त मी.

मी म्हणालो, "उन्नती, नको ना. मागचं उगाळून काय होणार? तुलाच त्रास होईल." आणि तिचा आवडता, म्हणजे मला वाटतं तिचा आवडता, अल्बम लावला. ती आत जाऊन कणीक मळायला लागली. पुन्हा काही विचारलं नाही.

घाबरलो होतो, पण बरं सांभाळलं. 

२७ ऑक्टोबर

उन्नती आता दर रविवारी एकटी भुईगावला जाते. मी विचारलं, सरांकडे शिकतेस का? म्हणाली, "बसते तिथे." लाजत असेल. पाडव्याला तिला गिटार द्यायचं ठरवलंय. नायलॉनच्या तारांची, बोटांना मऊ. यंदा आमच्याकडे दिवाळी नाहीच, पण भेट द्यायला काय हरकत आहे?

२ नोव्हेंबर, पाडवा

गिटार कपाटामागे लपवून ठेवली होती. सकाळी उठलो तर उन्नती पांढरा ड्रेस घालून निघण्याच्या तयारीत. "भुईगावला जातेय. आज त्यांचा मृतांचा दिवस आहे. रिटा आंटींबरोबर थांबणार आहे."

"आज पाडवा आहे, उन्नती."

"माहितीये."

संध्याकाळी आली. केसांना मेणाचा वास, चपलांना माती. रडलेली होती, पण चेहरा कितीतरी मोकळा दिसत होता. मी गिटार पुढे केली. तिने कव्हरवरून हात फिरवला.

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. तू शिकतेस ना?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. चिडली असती तर बरं वाटलं असतं. मग म्हणाली, "तुला खरंच असं वाटतं, हर्ष?" आणि पाय धुवायला गेली.

१० नोव्हेंबर

सर पुढच्या बैठकीच्या तालमीसाठी आमच्याकडे आले होते. उन्नती भुईगावहून येताना भाजी घ्यायला थांबली होती. तारा जुळवताना ते सहज म्हणाले, "रिटाला तुमच्या मुलीचं नाव फार आवडलं. जुई. आमच्या वाडीत होती पूर्वी."

मी म्हणालो, "आम्ही नाव ठेवलं नव्हतं, सर."

ते थांबले. अंगठा तारेवर तसाच. मग हळूहळू त्यांनी सांगितलं. त्यांचा पहिला मुलगा स्टीवन जन्मल्यावर दोनच दिवस जगला. चर्चमागच्या दफनभूमीत त्याची छोटी कबर आहे. मृतांच्या दिवशी गावातली सगळी माणसं आपापल्या कबरी सजवतात. यंदा रिटा आंटींनी स्टीवनच्या शेजारी आणखी एक मेणबत्ती लावली, जुईसाठी. उन्नती तिथे बसून खूप रडली. दर रविवारी बसते. आंटीही रडतात, अजून. चाळीस वर्षं होत आली.

"मला वाटलं तुम्हाला माहीत आहे," ते म्हणाले.

मी म्हणालो, तालीम नंतर करू.

जुई. हे नाव कधी ठेवलं तिने? पोटात असतानाच? मनात त्या नावाने हाक मारायची का? मी पोटाला कान लावून ऐकायचो तेव्हाही? मला का सांगितलं नाही?

११ नोव्हेंबर

विचारलं. नको तसं विचारलं. "परक्या माणसांना नाव सांगतेस आणि मला नाही?"

ती म्हणाली, "तुला कधी सांगू? तू सारखं काहीतरी लावलेलं असतंस."

मग तिचा आवाज चढला. इतके महिने मी तो चढू दिला नव्हता. "मला घरात रडायचं होतं, हर्ष. ओरडायचं होतं. लोकांनी येऊन माझ्याजवळ बसायला हवं होतं. तू सगळ्यांना दारातून परत पाठवलंस. तिला जन्म मी दिला आणि पाहिलंस तू. एकट्या तू. आणि मी विचारलं तर गाणं लावलंस."

मी म्हणालो, "हळू. शेजारी ऐकतील."

हे मी का म्हणालो? माझ्या तोंडून निघालं. ती एकदम गप्प झाली. दिव्याचं बटण बंद करावं तशी.

१७ नोव्हेंबर

उन्नती विरारला, मनवेलपाड्यात आईकडे गेली. जितेश न्यायला आला होता. माझ्याशी नीट बोलला, तेच जड गेलं. गिटार भिंतीला टेकवून ठेवली होती, ती तिने बाजूला केली, वाटेत येत होती म्हणून. "किती दिवस?" मी विचारलं. तिने मान हलवली. ना हो, ना नाही.

१ डिसेंबर

बैठक रद्द केली. फलकावर कागद लावला, प्रकृतीच्या कारणामुळे. संध्याकाळी सरोजिनीकाकू डब्यात मुगाची खिचडी घेऊन आल्या. मी खात नाही हे त्यांना कसं कळलं कोण जाणे.

म्हणाल्या, "ती आता दुपारची कुठे रडत असेल रे?"

"म्हणजे?"

"तू ऑफिसला गेलास की रडायची. मोठमोठ्याने. मला वर ऐकू यायचं. दोनदा मी खाली येऊन बेल वाजवली. दार उघडलंन, तोंड धुतलेलं, म्हणाली काही नाही काकू, मिक्सर चालू होता."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

काकू गोंधळल्या. "अरे, मला वाटलं तुला ठाऊक असेल. नवरा आहेस तिचा."

त्या गेल्यावर मी तिथेच बसलो. ती माझ्या वेळा सांभाळून रडत होती. मी सकाळी सातला निघतो, रात्री आठला परततो. मधल्या वेळेत.

८ डिसेंबर

एकटा भुईगावला गेलो. आंटी चर्चला गेल्या होत्या. सरांनी गिटार काढली आणि वाजवत बसले. एक गाणं संपल्यावर मी म्हणालो, "सर, मी या गाण्यांसारखं वागायचा प्रयत्न केला. आत ठेवायचं, वरून हलकं राहायचं."

ते म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही ते बोललात तेव्हाच मला टोकायचं होतं. पण तुमची सभा होती." त्यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवली. "हर्षवर्धन, हळू गातात ते लपवायला नाही. ऐकणारा अगदी जवळ बसलाय, म्हणून हळू. लांब असता तर ओरडले असते. शब्दांत तर सगळंच सांगतात ते. तुम्ही शब्द कधी कोणाला विचारलेत?"

नाही विचारले. शब्द बोचत नाहीत म्हणून तर मला ते आवडलं होतं.

त्यांनी मग एका गाण्याचा अर्थ सांगितला, एकेक ओळ थांबून. एक माणूस गेलेल्या माणसाला सांगतोय की तुझ्याशिवाय घर कसं दिसतं, सकाळी ऊन कुठे पडतं, कुठली खुर्ची रिकामी आहे. सरळ सांगतोय. लाजत नाही, आडून बोलत नाही. हे गाणं मी शंभरदा लावलं असेल. उन्नती कणीक मळत असताना.

सरांच्या ओट्यावर मी रडलो. त्यांनी पाणी आणून दिलं आणि शेजारी बसून राहिले.

२९ डिसेंबर

तिला मेसेज लिहितो, पुसतो. फोनवर सांगण्यासारखं नाही.

मला भीती काय होती, ते निदान इथे लिहितो. मी बोललो तर आमची मुलगी पुन्हा मरेल, असं वाटायचं. माझ्या एकट्याच्या डोळ्यांसमोर होती तोवर जशीच्या तशी होती. आणि दुसरं, अधिक वाईट. ते माझं एकट्याचं होतं. उन्नतीने तिला आठ महिने पोटात बाळगलं. माझ्याकडे तेवढीच काही मिनिटं होती, ती मला कोणाला द्यायची नव्हती. हे मला आजच कळलं, लिहिता लिहिता.

५ जानेवारी २०२५

मनवेलपाड्याला गेलो. सासूबाईंनी दार उघडलं आणि आत गेल्या. उन्नती खिडकीपाशी लसूण सोलत होती. बारीक झालीय.

मी समोर खाली बसलो आणि म्हणालो, "केस होते. भरपूर. काळे, ओले, कपाळाला चिकटलेले."

तिचे हात थांबले.

मग तिने एकेक विचारलं आणि मी एकेक सांगितलं. रंग? तुझ्यासारखा, सावळा. डोळे? मिटलेले. पापण्या लांब होत्या. ओठ? काळसर झाले होते. हे सांगू का नको असं वाटलं, पण सांगितलं. बोटं? लांब, नखं वाढलेली. डावा कान वरून दुमडला होता, मी तो बोटाने सरळ केला, पण परत दुमडला. हनुवटी तुझी, उन्नती. अगदी तुझी.

"जड होती?"

"हो. मला वाटलं होतं त्यापेक्षा जड."

"तू घेतलंस का तिला? नीट? की नुसतं कापडात?"

"घेतलं. छातीशी. रिक्षात पूर्ण वाटभर."

"बोललास काही तिच्याशी?"

"नाव माहीत नव्हतं. बाळा म्हणालो."

तिने तोंडावर पदर धरला आणि मग काढला. आतल्या खोलीत सासूबाई रडत होत्या, ते ऐकू येत होतं. मी हात पुढे केला, तिने तो धरला नाही. म्हणाली, "हे मला तेव्हा हवं होतं, हर्ष. त्याच दिवशी. आता मी हे सगळं नव्याने कुठे ठेवू?"



दारात मला सोडायला आली. "मला तिथे घेऊन चल," म्हणाली. "परत यायचं का ते मला माहीत नाही. पण तिथे जायचंय."

१२ जानेवारी

आज गेलो. खाडीकडची स्मशानभूमी. लहान बाळांना पुरायची जागा मागच्या अंगाला, मिठागरांच्या बाजूला. त्या दिवशी मी एका बाभळीची खूण धरली होती. कुंपणापासून थोडं आत, बाभळीच्या उजवीकडे.

बाभूळ नव्हती. मागे भराव टाकलाय, कुठल्यातरी रस्त्याच्या कामासाठी. कुंपणही सरकवलंय. तिथल्या माणसाला विचारलं, तो नवा होता. म्हणाला, "साहेब, लहान पोरांची खूण कोणी ठेवत नाही."

मी एकदा इकडे गेलो, एकदा तिकडे. पावलं टाकून बघितली. इथे असेल, नाही, इथे. उन्नती मला बघत उभी होती. शेवटी मी थांबलो आणि म्हणालो, "मला सापडत नाही. मी हरवून बसलो तिला."

भरावाच्या कडेला थोडं गवत होतं, ती तिथपर्यंत चालत गेली आणि खाली बसली. दोन्ही तळवे मातीवर ठेवले. "जुई," म्हणाली. आणि मग तिने हंबरडा फोडला. असा आवाज मी माणसाचा कधी ऐकला नव्हता. रस्त्यावरचे दोघं थांबले. मिठागरावरचे बगळे उडाले. तो माणूस लांबून म्हणाला, "बाईंना सांभाळा साहेब, गप्प करा."

मी गप्प केलं नाही. तिच्या शेजारी बसलो, तिला लागणार नाही इतक्या अंतरावर. ती थांबली की श्वास घ्यायची आणि परत नाव घ्यायची. तिसऱ्या-चौथ्या वेळी मीही घेतलं. मोठ्याने. माझ्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच येत होतं, घोगरं निघालं.

ऊन चढलं. तिने डोळे पुसले, ड्रेसची माती झटकली. स्टेशनपर्यंत एकाच रिक्षातून गेलो. ती विरारची गाडी पकडायला वर गेली. जिन्यावर वळून बघितलं, हात केला नाही. मी पायी घरी आलो.